कड्यावरची रपेट

"पाय रिकिबीत घुसवू नका, दाजी. नुसता टेकवा," कॅप्टन म्हणाला. "घोडी बिथरली तर फरफटत जाल."

"मला नको शिकवू," दाजी खोगिरावरून म्हणाले. "तुझ्या बहिणीला सांभाळतोय इतकी वर्षं. तिच्यापुढे ही घोडी म्हणजे गाय."

आजूबाजूचे पाहुणे खो खो हसले. दाजी कुठेही गेले की लोक असेच हसायचे.

कॅप्टन हे नाव पाहुण्यांनीच पाडलेलं. समुद्राकाठच्या त्या घोड्यांच्या फार्मवर तो लोकांना रपेटीला न्यायचा. कुरणातून वर, मग कड्याच्या कडेकडेने दीपगृहापर्यंत, आणि परत. आजच्या पाहुण्यांत मात्र दोघं घरचे होते. धाकटी बहीण आणि तिचा नवरा. चार दिवस हवा बदलेल म्हणून त्यानेच बोलावलं होतं. म्हणजे दाजींना तसं सांगितलं होतं. खरं तर बहिणीला परत पाठवायचंच नाही, असं त्याच्या मनात होतं.

बहीण तिच्या घोड्यावर चढायला गेली आणि बाही वर सरकली. दंडावर हिरवेनिळे डाग.

"हे काय?"

"दार लागलं."

"दाराला बोटं असतात का गं?"

तिने बाही खाली ओढली. "हळू बोल ना, दादा."

"माझ्या शेजारची खोली रिकामी आहे. इथेच राहा. सामान आतच आहे तुझं."

"आणि हा न्यायला आला की? आज परत गेला तरी उद्या येईल. मागच्या वेळी तू दोन थोबाडीत दिल्यास, बरगडी माझी मोडली. विसरलास?"

तो विसरला नव्हता. तेव्हापासून तिची शपथ होती. ती सांगेपर्यंत दाजींना बोटसुद्धा लावायचं नाही. त्याने दात आवळले आणि घोड्याला टाच मारली.

बाकीचे पाहुणे फोटो काढत कुरणातच रेंगाळले. हे तिघं वर निघाले. वारा असा होता की शेजारच्याशी बोलायचं तरी ओरडावं लागत होतं. उजवीकडे गवत, डावीकडे काहीच नाही. खूप खाली काळे खडक, आणि त्यांच्यावर फुटणारं पाणी.

वाट अरुंद झाली तसा कॅप्टन खाली उतरला. "इथून चालत जायचं. घोडे हातात धरून."

बहीण उतरली. दाजी नाही उतरले. त्यांनी घोडीला चाबूक हाणला. घोडी जागची हलेना. परत हाणला. तिच्या मानेवर रक्ताची रेघ उमटली.

"अहो, उतरा ना," बहीण पुढे होऊन म्हणाली. "घसरेल हो ती."

तिसरा फटका बहिणीच्या तोंडावर बसला. ओठ फाटला.

"मध्ये बोलायचं नाही, किती वेळा सांगायचं?"

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवायच्या आत झालं. कॅप्टनने दाजींचा पट्टा धरला आणि पोतं ओढावं तसं खाली आपटलं. शपथ गेली खड्ड्यात. घोडी उधळली ती थेट कुरणाकडे.

"मार की, मार," दाजी खालून म्हणाले. "व्याजासकट हिच्याकडून वसूल करतो."

कॅप्टनने ठोसा मारला. दात तुटल्याचा आवाज आला. दाजींनी पोटात लाथ घातली, चाबकाची मूठ त्याच्या कानावर हाणली. दोघं गवतात लोळले. कधी हा वर, कधी तो. गवत संपलं हे दोघांनाही कळलं नाही. कॅप्टन छातीवर बसला आणि मारत सुटला. नाक फुटलं. भुवई फुटली. आणि एकदम दाजींचं डोकं खाली गेलं, मग खांदे. खालचे दगड निसटले. दगड पडल्याचा आवाजही वर आला नाही.

दाजी अर्धे कड्याबाहेर लटकत होते. कॅप्टनच्या मुठीत त्यांची कॉलर होती. बस, तेवढंच.

कॅप्टनने स्वतःच्या मुठीकडे बघितलं. नुसती उघडायची. घसरून पडले म्हटलं असतं तर कोण विचारणार होतं? त्याची बोटं ढिली पडायला लागली.

"दादा!" मागून बहीण जिवाच्या आकांताने ओरडली. "सोडू नकोस त्याला!"

कॅप्टनने डोळे मिटले. ओठ फाटला तरी हिची माया काही आटत नाही. कसली माती खाऊन जन्माला आली होती ही पोरगी? पण शब्द तिचा होता. त्याने टाचा रोवल्या, दोन्ही हातांनी कॉलर धरली आणि दाजींना वर ओढून घेतलं. मग मागे होऊन गवतात बसला.

दाजी खोकले, रक्त थुंकले. आणि हसले.

"ऐकलंस ना? बायको आहे ती माझी. कॅप्टन असशील तू घोड्यांचा." मग बहिणीकडे हात केला. "ए, बघतेस काय? उठव मला. घरी गेल्यावर बघतो तुझ्याकडे."

ती आली. डोळ्यांत पाणी नव्हतं. तिने त्यांचा हात धरला, नीट उभं केलं, शर्टावरची माती झटकली. दाजींची पाठ समुद्राकडे होती.

मग तिने दोन्ही तळवे त्यांच्या छातीवर ठेवले आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर लावला.

वाऱ्यात ओरडणंही ऐकू आलं नाही.

ती थोडा वेळ खाली बघत राहिली. मग ओठावरचं रक्त पुसत भावाकडे वळली.

"काय रे दादा, सोडू नकोस म्हटलं ना तुला? मग वर कशाला ओढलंस?"