पहिली पानं

वेढ्यातल्या अलेप्पोत घरातली दारंही जाळून संपली, तेव्हा नुहाने नवऱ्याच्या, वासिफच्या, वह्या तंदूरापाशी आणल्या. त्याने रंगवलेली चित्रं बॉम्बखाली गेलीच होती. त्या चित्रांविषयी त्याने आयुष्यभर स्वतःशीच लिहिलेलं तेवढं उरलं होतं. पान फाडण्याआधी तो वाचू लागला. “जादचे बाबा, वाचत बसलात तर तंदूर थंड होईल,” ती म्हणाली. “त्या निळ्या रंगाचं रडगाणं मला तोंडपाठ आहे.” तो कसनुसा हसला आणि न वाचता पानं आगीत सारू लागला. प्रत्येक वहीचं पहिलं पान मात्र ती कपाळाला लावून बाजूला ठेवत होती. त्यावर फक्त बिस्मिल्ला, अल्लाचं नाव, लिहिलेलं असे. रोट्या फुगल्या. शेजारच्या म्हातारीने मिटक्या मारत खाल्ल्या. वासिफचा घास हातातच राहिला. “ही नाही हो जाळायची,” नुहाने पहिल्या पानांचा गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. “नकोच,” तो म्हणाला. “त्यात माझं काहीच नाही.”