म्हाळाचं पान

शेवंतीने पदराची गाठ सोडली आणि आतला धोंडा कोर्टाच्या पडवीतल्या बाकावर ठेवला. चांगला मुठीएवढा काळा धोंडा. भाई वकील कागद लावत होते, ते थांबले. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू, दोन्ही हातांत हिरवी काकणं. म्हणजे काल एवढं सांगितलं ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तसं भाईंचं सांगणं चुकीचं नव्हतं. शेवंतीचा नवरा गुणाजी देवबागेहून होडी घेऊन दर्यात गेला, तो परत आलाच नाही. सात वर्षं माणसाचा ठावठिकाणा नसला की कायदा त्याला मेलेला धरतो, आणि ती सात वर्षं उलटूनही गेली होती. आता धाकट्या दिराने, सहदेवने, दावा लावला होता. भाऊ मेला, अख्खं घर माझं, वहिनीने बाहेर पडावं. भाईंना वाचून गुदगुल्याच झाल्या. मेला म्हणतोस ना बाबा? बरं, मेला. मग नव्या कायद्याने त्याचा वाटा त्याच्या बायकोचा! अर्धं घर कायमचं शेवंतीच्या नावावर, पुन्हा कोणाची टाप नाही तिला उठवायची. तिने फक्त पिंजऱ्यात उभं राहून नवरा वारला एवढं म्हणायचं. पण कुंकू लावून म्हणाली तर शोभेल कसं? म्हणून काल पानाला चुना लावता लावता ते म्हणाले होते, "उद्या येताना कुंकू-काकणां काढून ये गो." छत्री घेऊन ये म्हणावं तितकं सहज.

शेवंतीने दोन्ही हात बाकावर टेकले. मासळी कापून कापून बोटांना चिरा पडलेल्या.

"भाईनु, घरात काकणां फोडूक हात उठूक नाय," ती म्हणाली. "तो गेलो ता तुमका म्हायत आसा मा? मग तुमीच फोडा."

काल आपण काय बोलून बसलो ते भाईंना आत्ता कळलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी तिला सरळ समजावलं. वारला म्हणाली नाहीस तर घर तुझ्या नावावर चढणार नाही. दावा जिंकू की हरू तेही सांगवत नाही. सहदेव उद्या तुला बाहेर काढील, तेव्हा माझ्या नावाने बोटं मोडू नकोस.

शेवंतीने सगळं नीट ऐकून घेतलं. घराबाहेर पडली तर जायचं कुठे, हे तिला भाईंपेक्षा जास्त ठाऊक होतं.

"माका घर होया," ती म्हणाली. "पण तेका मारून नको."

भाईंनी धोंडा उचलला आणि पडवीखालच्या माडाच्या आळ्यात टाकून दिला. आठवडाभर जागून तयार केलेली कैफियत बस्त्यात तळाशी घातली. तेवढ्यात पट्टेवाल्याने पुकारा केला.

आत जाऊन भाईंनी सांगितलं, की आमच्या अशिलाचं म्हणणं, तिचा नवरा हयात आहे. मेला म्हणणाऱ्याला आधी दोन प्रश्न विचारू द्यावेत. न्यायाधीशांनी चष्मा काढून त्यांच्याकडे पाहिलं. हातातोंडाशी आलेला घास सोडताय, एवढंच ते म्हणाले. सहदेवचे वकील तर खूश होऊन खुर्चीत रेलले.

सहदेव पिंजऱ्यात आला. आडदांड गडी, पण कोर्टात बुजलेला. त्याला विचारायला भाईंच्या हातात एकही कागद नव्हता. त्यांनी एकदा मागे शेवंतीकडे बघितलं आणि विचारलं, पितृपक्षात तुमच्या घरी म्हाळ घालता ना? घालतो, सहदेव म्हणाला. पानं कोणाकोणाची वाढतोस? बापाचं, आज्याचं, लहानपणी गेलेल्या आतेचंसुद्धा. सहदेव धडाधड सांगत गेला.

"आणि भावाचं?"

सहदेवने कठडा घट्ट धरला. त्याचे वकील खुणा करत होते, पण त्याचं तिकडे लक्षच नव्हतं.

"वाढूक नाय," तो शेवटी म्हणाला.

मेला म्हणतोस आणि पान वाढत नाहीस, असं का? हे न्यायाधीशांनीच विचारलं.

"पान वाढला की तो गेलोच मा, सायबानु," सहदेव म्हणाला आणि भर कोर्टात लहान पोरासारखा रडू लागला. "माझ्या हातान कसा वाढू?"

इतका वेळ खाली मान घालून बसलेल्या शेवंतीने दिराकडे पाहिलं. दावा लागल्यापासून दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नव्हतं.

मग राहिलंच काय! दावा करणाराच भाऊ मेला म्हणायला तयार नाही म्हटल्यावर न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. शेवंती होती तिथेच राहील, असा हुकूम झाला.

बाहेर आल्यावर भाई पायरीवर थांबले. अशिलापासून काही लपवायचं नाही हा त्यांचा शिरस्ता होता. राहायला कोणी उठवणार नाही, ते म्हणाले, पण घर तुझ्या नावावर करून देता आलं असतं, ते मी केलं नाही.

"मग कोणाच्या नावार ऱ्हवला?"

"त्याच्याच."

शेवंतीने डोक्यावरचा पदर नीट केला. पहिल्यांदाच तिचा चेहरा मोकळा झाला.

"बरा झाला," ती म्हणाली. "इलो की पयला ताच इचारतलो."