सागाचा गुटका

नव्यानं बांधलेलं इंजिन पहिल्याच किल्लीला सुरू झालं, तसा मुकुटबनच्या नागोराव मिस्त्रीनं फुलचंदच्या काळीपिवळी जीपच्या ॲक्सिलरेटरखाली सागाच्या लाकडाचा छोटा गुटका ठोकला. "हजार किलोमीटर चाळीसच्या वर न्यायची नाही. नाही तं इंजिन जाम होईन." तेवढ्यात लोकांनी गावातल्या दीपमालाच्या नवऱ्याला बाजेवरून आणलं. सकाळपासून कपाशीवर औषध फवारत होता. आता तोंडातून फेस येत होता. "डॉक्टर म्हनते, यवतमाळले न्या," दीपमाला म्हणाली. यवतमाळ शंभर किलोमीटर. बाकीच्या गाड्या बाजाराला गेलेल्या. फुलचंदनं मिस्त्रीकडं पाहिलं. नागोरावनं वाकून गुटका उपटला, डॅशबोर्डवर ठेवला. "वापस आल्यावर लावू." जंगल लागलं, काटा सत्तरवर गेला. समोरचा गुटका थरथरायला लागला, बॉनेटखालून ठकठक सुरू झाली. "काय वाजून राह्यलं, भाऊ?" दीपमालानं विचारलं. "काही नाही, वहिनी," पाय तसाच दाबून फुलचंद म्हणाला. "इंजिन नवं हाये."