खिळ्यावरची कडी

दादानं लाकूड कोरायचा राउटर सुरू केला तेव्हा त्याची पितळी कडी खिळ्यावरच होती.

धाकट्यानं ती पाहिली. तो आपल्या टेबलाशी शिसवीच्या फळीला पॉलिशपेपर मारत होता आणि खिळा नेमका त्याच्या नाकासमोर. जडावकामाची त्यांची रीत ठरलेली होती. टेबलाच्या फळीवर माशाचा प्लायवूडचा साचा बसवायचा, राउटरखाली कडी अडकवायची आणि साच्याच्या कडेकडेनं फिरवत लाकडात माशाएवढा खळगा पाडायचा. हे दादाचं काम. मग दादा कडी काढून खिळ्याला लावणार. कडी खिळ्यावर दिसली की पाळी धाकट्याची. त्यानं त्याच साच्यातून, पण कडीशिवाय, शिसवीचा मासा कापायचा. तो खळग्यात असा बसतो की भोवती नखही शिरू नये. कडी पात्याला साच्याच्या कडेपासून आत ठेवते; दादा ती लावायला विसरला, तर खळगा चहूबाजूंनी पात्याच्या जाडीइतका मोठा होतो आणि मासा त्यात थोरल्याच्या सदऱ्यात धाकटा शिरावा तसा दिसतो.

या रीतीत तोंड उघडावं लागत नसे, म्हणून ती टिकली होती. भावाभावांत अबोला होता. कशावरून, ते नातेवाइकांना अगदी बारीकसारीक तपशिलासह आठवत होतं. त्या दोघांना नाही. सुरुवातीला निदान भिंतीशी तरी बोलणं व्हायचं. गोंदाचं झाकण कुणीतरी उघडं टाकलंय, असं दादा भिंतीला सांगायचा. ज्याला टोचतंय त्यानं लावावं, असं धाकटा त्याच भिंतीला. पुढे भिंतीशीही बोलणं बंद झालं. भिंतीनं काही मनाला लावून घेतलं नाही.

आता कारखान्याच्या मधोमध दुसरी भिंत उठायची होती. विटा दाराशी येऊन पडल्या होत्या, जमिनीवर चुन्याची रेघ मारून झाली होती, गवंडी उद्या सकाळी यायचा होता. त्याआधी तुमच्या दोघांच्या हातचं एक टेबल मला हवं, असं बहिणीनं दोघांना वेगवेगळं गाठून सांगितलं होतं. वडिलांनी जपून ठेवलेली शिसवीची फळीही तिनंच आणून दिली. फळीतून मासा एकच निघणार होता. त्याचं चित्र तिनं स्वतः काढलं होतं. मासा चपलेसारखा दिसत होता. पण तिला हे कोणी सांगायचं, ते ठरवण्यासाठी दोघांनी आधी एकमेकांशी बोलायला हवं होतं.

राउटर घोंघावत होता. दादानं तो दोन्ही हातांनी धरून साच्यावर आणला आणि तिथंच थांबला. पातं हवेत फिरत राहिलं. दादा मान खाली घालून बघत होता. बराच वेळ बघत होता.

धाकट्यानं तोंड उघडलं. ‘दादा, कडी’ एवढंच म्हणायचं होतं. पाणी गेलेल्या नळानं सूं करावं तशी नुसती हवा आली. बटणांचा बोर्ड त्याच्या हाताशी होता, वीज बंद करावी हेही सुचलं. हात उचलला गेला नाही. आपल्याला राग आलाय का, हे त्यानं चाचपून पाहिलं, बधिर झालेल्या पायाला चिमटा काढून पाहावा तसं. राग नव्हता. राग असता तर तो ओरडला तरी असता.

पातं लाकडात उतरलं.

पुढचं सगळं काम चोख झालं. दादानं कोपरे साफ केले, भुसा फुंकला आणि राउटर धाकट्याच्या टेबलावर आणून ठेवला. कडी खिळ्यावर होतीच. म्हणजे पाळी धाकट्याची. त्यानं मासा कापला. चुकलेल्या खळग्यासाठी अगदी बिनचूक मासा. आत ठेवून पाहिला तर भोवती आगकाडी सहज उभी राहील एवढी फट. मग त्यानं खरोखरच आगकाड्या आणल्या, भोवतीनं सारख्या खोचल्या, मासा मधोमध चिकटवला आणि गोंद धरल्यावर काड्या काढून घेतल्या. दादानं वरून पॉलिशचा हात फिरवला. दोघांनी फट नीट निरखून पाहिली. एका वेळी नव्हे, आळीपाळीनं.

संध्याकाळी बहीण विटांना वळसा घालून आत आली. तिनं माशाभोवती बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

“ही फट मुद्दाम ठेवलीत?”

“हो,” दोघं म्हणाले. एकदम.

तिनं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. दोघंही टेबलाकडे बघत होते. अखेर ते पाणी असणार असं तिचं तिनंच ठरवलं. मासा म्हटला की भोवती पाणी हवंच. गाडीवाल्याला चारचारदा जपून उचलायला सांगत ती टेबलापाठोपाठ निघून गेली.

दादा राउटरची वायर गुंडाळू लागला. वाटणीत राउटर त्याच्याकडे आला होता. कडी कोणाची, हे ठरवायचं दोघांनाही सुचलं नव्हतं.

“तुला दिसली होती ना?” दादा म्हणाला. भिंतीला नव्हे.

“हो.”

“मलाही. म्हटलं, बोलशील.”

त्यानं वायरचं टोक खोचलं, राउटर काखेत मारला आणि चुन्याची रेघ ओलांडून तो आपल्या बाजूला गेला. तिथं पाठमोरा उभा राहून, भुसा नसलेलं टेबल झाडू लागला.

धाकटा खिळ्यासमोर उभा होता. कडी खिळ्यावर होती. म्हणजे पाळी त्याची होती.