आधी सासूबाई

पडद्यावर शिंपल्यातल्या कालवाचं चित्र उमटलं आणि त्याखाली चार शब्द. बरोबर शब्दावर जो आधी बोट दाबेल, त्याला जास्त गुण. ग्युरीबाईंनी हा ऑनलाइन खेळ आणल्यापासून गावच्या सभागृहात भरणाऱ्या कोरियन लिहावाचायच्या वर्गाचा पार मासळीबाजार झाला होता.

बोंगसुन आजींनी बोट जिभेला लावून आपल्या मोबाइलवर दाबलं. लहानपणी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, आणि जन्मभर कालवं फोडून बोटांची सालं निघालेली. फोनला ती बोटं माणसाची वाटतच नसत. दोन-तीनदा दाबल्यावर कुठे शब्द हिरवा झाला.

शेजारी बसलेल्या थुईने, त्यांच्या सुनेने, त्यानंतर लगेच दाबलं. उत्तर बरोबर. पण पडद्यावरच्या क्रमवारीत आजी शेवटून दुसऱ्या आणि थुई तळाला.

"बघा बाई, ही व्हिएतनामची पोर अजून माझ्या मागेच!" आजी खुशीत म्हणाल्या. "भात करपेपर्यंत विचार करत बसते."

सगळे हसले. थुईही हसली. बाईंना मात्र हसू आलं नाही. वरच्या वर्गात कोण जाणार ते आजच्या गुणांवर ठरणार होतं, आणि तो वर्ग केल्याशिवाय थुईला बालवाडीत नोकरी मिळणार नव्हती. अर्धे प्रश्न अजून बाकी होते.

"थुई, उत्तरं येत नाहीत का तुला?"

"येतात, बाई."

"मग लवकर दाबत का नाहीस?"

पुढचा प्रश्न आला. थुईचं बोट चटकन बरोबर शब्दावर गेलं, पण टेकलं नाही. नजर सासूच्या बोटाकडे.

आजींनी ती नजर ओळखली. घरी रोज जेवताना हीच नजर असायची. त्यांनी चमचा उचलल्याशिवाय सून चमच्याला हात लावत नसे. थोरांच्या आधी घास घ्यायचा नाही, हे वळण त्यांनीच लावलं होतं, तेही लग्नानंतर आठवडाभरात, चारचौघांत टोचून बोलून. पोर इतकं मनावर घेईल हे त्यांना कुठे ठाऊक होतं!

"वेडी कुठली," आजी पुटपुटल्या. "हे काय जेवण आहे?"

"तुम्ही आधी, आई."

पडद्यावरचे सेकंद पळत होते. आजींनी क्रमवारीतल्या आपल्या नावाकडे एकदा पाहून घेतलं. शिकण्याच्या बाबतीत कुणाच्या तरी वर असण्याचं सुख त्यांना आयुष्यात पहिल्यांदा मिळत होतं, आणि ते सोडणं जिवावर आलं. तरी त्यांनी मोबाइल पालथा घातला आणि दूर सारला.

"माझं पोट भरलं," त्या म्हणाल्या. "आता तू जेव."