हलणारं शेपूट

व्हर्लिनने बंदुकीवर बसवायची प्रत्येक दुर्बीण डोळ्याला लावली आणि रस्त्यापलीकडे बांधलेल्या दुकानदाराच्या कुत्र्यावर रोखली. शेवटी कुत्रं शरण आल्यासारखं उताणं झालं.

"लेका, कोयोटी मारायच्यात ना तुला?" दुकानदार आर्लो वैतागला. "कोकरं पळवणारं कोल्ह्यासारखं जनावर ते, त्याचा फोटो नाही काढायचा! मागे म्हणालास, हलणारा ठिपका दिसला तरी बास, स्वस्तातली दे. दिली."

"चुकलं माझं. आता शेपूट स्पष्ट दिसायला हवं."

"शेपूट कशाला?"

"कोयोटी पळताना शेपूट खाली ठेवते ना? हलवत नाही?"

"तुला बघून कोण शेपूट हलवणार आहे?" आर्लो खदखदून हसला.

व्हर्लिन हसला नाही. "परवा माळावर दबा धरून सशाच्या किंकाळीची शिट्टी फुंकत होतो. ती ऐकून कोयोटी धावत येते. पण मी फुंकलेली शिट्टी घरापर्यंत ऐकू जाते आणि तिथे ती ओळखणारं कुणी आहे, हे डोक्यातच आलं नाही."

आर्लोने दाराबाहेर पाहिलं. व्हर्लिनच्या गाडीच्या खिडकीतून जीभ बाहेर काढून बसणारी त्याची कुत्री मेबल आज नव्हती.