मालनकाकीचं माहेर

फुटबॉलचा अंतिम सामना माळगल्लीनं तळगल्लीविरुद्ध एका गोलनं गमावला आणि संघ चालवणाऱ्या तालमीच्या कट्ट्यावर बसलेल्यांना लगेच कारण सापडलं. "मालनकाकीचं माहेर तळगल्लीचं. तिचं पोरगं मामाच्या गल्लीचा गोल कशाला अडवंल?"

समोरच्या दारात उभी राहून मालन ऐकत होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं याच तालमीच्या पोरांच्या चिखलानं भरलेल्या जर्सी धुतल्या होत्या, माहेरच्या संघाविरुद्ध ती घसा बसेपर्यंत ओरडली होती. तिचा गोलकीपर पोरगा संग्राम तर याच गल्लीत जन्मलेला. आत तो उजवा हात पोटाशी धरून बसला होता. गोल झालेल्या त्याच चेंडूवर झेप घेताना त्याचं मनगट गोलच्या खांबावर आपटलं होतं, आणि या माणसांना ते दिसलंही नव्हतं. मालनला त्यांची किळस आली.

तेवढ्यात तिचा भाऊ आनंदा पेढ्यांचा पुडा घेऊन आला. "भाच्यानं मामाचा मान राखला बघ," असं म्हणत त्यानं डोळा मारला.

"तुलाबी तसंच वाटतंय व्हय?" तिनं पुडा परत त्याच्या हातात कोंबला. "हात बघ त्याचा. आन् पुन्हा या दारात येऊ नगंस."

कुणाकडंही न बघता तिनं संग्रामला रिक्षात बसवलं. दवाखान्याच्या वाटेवर रिक्षावाल्यानं आरशातून संग्रामचे मळलेले खेळाचे कपडे बघत विचारलं, "मावशी, कुठल्या गल्लीचा खेळाडू म्हणायचा ह्यो?"

"माझा पोरगा हाय त्यो," ती म्हणाली. "तू रिक्षा चालव."